लोखंड आणि तराजू

मे २०२५ मधील गोष्ट. सीमेवर तोफा धडाडत होत्या आणि येरवड्यातील आमच्या मशिदीत इशाच्या नमाजनंतर शांततेसाठी दुआ मागितली जात होती. दुआ संपली, लोक पांगले; एक तरुण मात्र सफेवरच बसून राहिला. तो भोसरीतील एका लहान कारखान्यात सीएनसी यंत्रावर काम करतो. हा कारखाना तोफगोळ्यांचे सुटे भाग बनवून एका मोठ्या कंपनीला देतो आणि ती कंपनी सैन्याला माल पुरवते. जवळ येऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "मौलाना, तुमच्या दुआला मी आमीन म्हटलं, पण दिल साथ देईना. मालकाने सुट्ट्या रद्द करून डबल शिफ्ट लावली आहे. अम्मीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे जमतील म्हणून मी खूश झालो होतो. लढाई थांबली तर ओव्हरटाइमही थांबेल. माझी रोटी हलाल आहे ना?"

"काम हलाल आहे, बेटा, चिंता करू नकोस," एवढेच मी त्या रात्री म्हणालो. तो सलाम करून गेला. पण आपण अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर दिले, ही टोचणी मला राहिली. उरलेल्या अर्ध्या प्रश्नासाठी हा लेख.

हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाही. येरवड्यातून होळकर पूल ओलांडला की खडकी लागते. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. नदीपलीकडे मुंढव्यात भारत फोर्ज आहे. पाषाणच्या सरकारी संशोधन संस्थेने खासगी उद्योगांना सोबत घेऊन विकसित केलेल्या 'अटॅग्स' तोफांसाठी संरक्षण मंत्रालयाने २६ मार्च २०२५ रोजी भारत फोर्ज आणि टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स या दोन कंपन्यांशी करार केले. तोफा ३०७, आणि त्या ओढणाऱ्या वाहनांसह रक्कम सुमारे ६,९०० कोटी रुपये. शस्त्रनिर्मिती पूर्वी प्रामुख्याने सरकारी कारखान्यांतच होत असे. २००१ मध्ये हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाले. १ ऑक्टोबर २०२१ पासून जुन्या ४१ आयुध निर्माणींच्याही सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यातच आहे. मोठ्या कंपनीमागे पुरवठादार आणि त्यांच्यामागे भोसरी-चाकणची छोटी वर्कशॉप अशी ही साखळी आहे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल या साखळीच्या एखाद्या कडीवर पेटते. म्हणून या रोटीचा विचार आपण केलाच पाहिजे.

प्रथम मूळ हुकूम पाहू. शस्त्र घडवणे हे मुळात पाप नाही. दिव्य कुरआनात हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे (३४:१०-११). तेथे चिलखते बनवण्याच्या आज्ञेसोबतच कड्या योग्य मापाने जुळवण्याची आणि सत्कर्म करण्याची आज्ञा आहे. एका पैगंबराला कारागिरीचे माप शिकवले जाते आणि त्याला लागूनच नेकीचा आदेश येतो! हजरत खब्बाब (रजि.) मक्केत लोहार होते, तलवारी घडवीत. बाणासंबंधीच्या एका हदीसमध्ये तो चालवणाऱ्याबरोबरच भल्या हेतूने तो घडवणाऱ्यालाही जन्नतची खुशखबर आहे. म्हणजे आपल्या देशाच्या संरक्षणाची साधने बनवणारे हात अपवित्र नाहीत. परंतु त्या हदीसमधील 'भल्या हेतूने' ही अट नजरेआड करून चालणार नाही.

आता खासगी पुरवठ्याकडे वळू. हिजरी सन ८ मध्ये हुनैनच्या मोहिमेपूर्वी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना चिलखतांची गरज पडली. ती सफवान बिन उमय्या यांच्याकडे होती. ते मक्केचे धनिक; तोवर त्यांनी इस्लाम स्वीकारलेला नव्हता. मक्का नुकतीच जिंकली गेली होती, सत्ता मुसलमानांच्या हाती होती. सफवान यांनी विचारले, ही जबरदस्तीची जप्ती आहे काय? प्रेषितांनी उत्तर दिले की नाही, ही परतफेडीच्या हमीवर घेतलेली उसनवारी आहे. पुढे काही चिलखते गहाळ झाली, तेव्हा प्रेषितांनी भरपाई देऊ केली. सफवान यांनीच ती नाकारली. युद्ध तोंडावर असतानाही खासगी मालकाचा हक्क आणि दिलेला शब्द मोडला गेला नाही. सैन्याने खासगी माणसाकडून सामग्री घ्यावी, त्याने आपला हक्क मागावा, यात गैर काही नाही.

मग अडचण कोठे आहे? ती साखळीच्या लांबीत आहे. यंत्रावरचा कामगार म्हणतो, मी फक्त एक कडे कातले. मालक म्हणतो, मी फक्त ऑर्डर पुरी केली. कंपनी म्हणते, आम्ही सरकारच्या परवान्यानुसार माल दिला. शेअर घेतलेला गृहस्थ म्हणतो, मी तर फक्त पैसे गुंतवले. कराराचा कागद काम वाटून देतो, नफा आणि कायदेशीर दायित्वही वाटून देतो. आखिरतचा जाब मात्र असा वाटला जात नाही. ज्याला जेवढे माहीत आहे आणि जेवढे त्याच्या हातात आहे, तेवढ्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल.

हा जाब तीन बाबतीत द्यावा लागतो.

पहिली बाब मापाची. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या प्रेषितांनी, फसवणूक करणारा आमच्यातला नाही, असे बजावले. धान्याच्या फसवणुकीत गिऱ्हाइकाचे पैसे जातात. तोफगोळ्याच्या फसवणुकीत तोफेमागे उभ्या असलेल्या कोणा आईच्या लेकराचा जीव जातो. न मोजता मापाच्या नोंदवहीत आकडा भरणे ही खोटी साक्ष होय. आणि माप मालाचेच असते असे नाही, कामगाराच्या सुरक्षेचेही असते. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथे एका खासगी स्फोटक कारखान्यातील स्फोटात नऊ कामगार दगावले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळच्या सरकारी आयुध निर्माणीतही स्फोटाने कामगारांचे बळी घेतले. मालकी कोणाचीही असो, देशाच्या रक्षणासाठी राबणाऱ्याचे रक्षण ही मालकाकडे सोपवलेली अमानत आहे.

दुसरी बाब किमतीची. बोफोर्स तोफांचा करार मार्च १९८६ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी स्वीडिश रेडिओने दलालीचे आरोप जगापुढे आणले. त्यानंतर कित्येक वर्षे देश त्या प्रकरणात अडकून पडला. प्रेषितांच्या काळी जकात गोळा करण्यास गेलेला एक अधिकारी परतल्यावर म्हणाला की हे तुमचे आणि हे मला भेट मिळाले. प्रेषितांनी मिंबरवरून विचारले की हा आपल्या आईबापाच्या घरी बसला असता तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या काय? प्रत्येक निविदा, प्रत्येक कमिशन, प्रत्येक सणाची पेटी या एका प्रश्नाने तपासता येते.

तिसरी आणि सर्वांत कठीण बाब म्हणजे माल कोठे जातो. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांची झाली आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा १५,२३३ कोटींचा होता. म्हणजे भोसरीत कातलेले कडे आपल्याच सीमेवर जाईल याची शाश्वती उरलेली नाही. गाझातील कत्तल सुरू असताना, इस्रायलला शस्त्रे पाठवणाऱ्या भारतीय कंपन्यांचे परवाने रद्द करावेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ९ सप्टेंबर २०२४ रोजी ती फेटाळली गेली. परराष्ट्र धोरणाच्या क्षेत्रात न्यायालय शिरू शकत नाही, असे कारण दिले गेले. न्यायालयाने आपल्या अधिकाराची मर्यादा सांगितली, तिचा आपण मान राखतो. पण जेथे न्यायालयाची मर्यादा संपते तेथे माणसाच्या अंतरात्म्याची संपत नाही.

याविषयी आपल्या फुकहांनी फार पूर्वीच विचार केला आहे. फितन्याच्या काळात शस्त्र विकणे हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना नापसंत होते. हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात भेद केला आहे तो असा की, घेणारा फितना माजवणारा आहे हे माहीत असेल तर त्याला शस्त्र विकणे मकरूह. माहीत नसेल तर हरकत नाही. या सवलतीमागे सूरह माइदाचा (५:२) व्यापक आदेश उभा आहे, की नेकी आणि ईशभयाच्या कामी एकमेकांना साहाय्य करा, पाप आणि अत्याचाराच्या कामी करू नका. सवलत अजाणत्याला आहे. मुद्दाम डोळे मिटून घेणाऱ्याला ती लागू होईल, असे मला वाटत नाही. यंत्रावरच्या मुलाला निर्यातीचे कागद कोणी दाखवत नाही, म्हणून त्याचा जाब हलका. मालक, संचालक आणि भागधारक यांना विचारता येते, म्हणून त्यांचा जाब जड. आणि ज्या कामगाराला अत्याचारासाठीच माल चालला आहे हे निश्चित कळले, त्याने दुसरी रोजी शोधू लागावे. मिळेपर्यंत मनाला ती गोष्ट रुचू देऊ नये.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचा राहिलेला अर्धा भाग. त्याला आनंद झाला होता. या आनंदाचे काय?

आमच्या कब्रस्तानात कबर खोदणारा मनुष्य आहे. मयत झाली की त्याला मजुरी मिळते. ती मजुरी हलाल आहे, आणि ती हातात पडल्यावर घरी पीठ येईल म्हणून त्याला बरे वाटले तर तो गुन्हेगार ठरत नाही. पण वस्तीत आजार पसरावा, अशी इच्छा त्याने केली तर? मजुरीचा आनंद वेगळा आणि मृत्यूची इच्छा वेगळी. धान्य साठवून महागाईची वाट पाहणाऱ्याला इस्लामने गुनहगार ठरवले ते याचसाठी, की त्याचा लाभ लोकांच्या हालांशी बांधला जातो.

एका मजुराच्या मनातील ही इच्छा फार तर त्याच्या मनाचा नाश करील. तीच इच्छा अब्जावधींच्या भांडवलाला झाली तर ती धोरणे वाकवू शकते. हे केवळ मौलवींचे भय नव्हे. दुसऱ्या महायुद्धात फौजांचे नेतृत्व केलेले सेनापती आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर यांनी १७ जानेवारी १९६१ रोजी निरोपाच्या भाषणात, लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीच्या अवाजवी प्रभावापासून सावध राहा, असे आपल्या देशबांधवांना सांगितले होते.

प्रेषितांनी (सल्ल.) खुद्द रणभूमीवर आपल्या साथीदारांना शिकवण दिली की शत्रूशी गाठ पडावी अशी इच्छा करू नका, अल्लाहकडे सुरक्षितता मागा; आणि गाठ पडलीच तर पाय रोवून उभे राहा. शस्त्र घडवणाऱ्यासाठी यापेक्षा नेमकी कसोटी मला दिसत नाही. गोळा असा अचूक घडवावा की वेळ आली तर दगा देणार नाही. आणि दुआ अशी मागावी की ती वेळ न येवो, तो कोठारातच जुना होवो. ज्याला या दोन्ही गोष्टी एकदम साधतात, त्याची नीयत शाबूत आहे. दुसरी गोष्ट ज्याच्या ओठांवर येत नाही, त्याने आपले अंतःकरण तपासावे.

सूरह हदीद म्हणजे लोखंडाची सूरह. तिच्या २५व्या आयतीत अल्लाहने पैगंबरांसोबत ग्रंथ आणि तराजू पाठवल्याचा उल्लेख आहे, लोकांनी न्यायावर कायम राहावे म्हणून; आणि त्यानंतर लोखंडाचा, ज्यात मोठे सामर्थ्य आहे आणि लोकांसाठी फायदेही. क्रम ध्यानात घ्यावा. आधी ग्रंथ, मग तराजू, मग लोखंड. तराजूवाचून हाती आलेले लोखंड कोणाचेही रक्षण करत नाही.

तो तरुण पुढच्या जुम्याला भेटला. मी त्याला म्हणालो, "बेटा, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. अम्मीच्या ऑपरेशनसाठी तू खूश झालास, त्यात गुनाह नाही. दिलाने साथ दिली नाही तरी तू आमीन म्हणालास, ते वाया गेलं नाही. दिलाला तेच शिकव. माप खरं लिही. आणि रोज यंत्र सुरू करताना बिस्मिल्लाह म्हणशील, तेव्हा एवढंही म्हण, की या अल्लाह, माझ्या हातची ही वस्तू कोणा निरपराध्यावर पडू देऊ नकोस."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि ओव्हरटाइम बंद झाला तर?"

मी म्हणालो, "तर ऑपरेशनची फिकीर तुझ्या एकट्याची नाही, या जमातीची आहे."

वाचकहो, हे शब्द मी सहज बोलून गेलो, पण ते पाळण्याची जबाबदारी आपणा सर्वांवर आहे. आपल्या शेजाऱ्याची गरज लढाई लांबण्यावर अवलंबून राहू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे. अल्लाह आपल्या देशाला सुरक्षित ठेवो, आपल्या हातांना न्यायाचे माप देवो आणि आपल्या आमीनमध्ये आपली अंतःकरणेही सामील करो. आमीन.