दिसणे आणि दिपणे

एकाच दिव्याने दोन गोष्टी घडतात. ज्याच्या बाजूने तो जळतो त्याला दिसते. ज्याच्या तोंडावर तो येतो त्याचे डोळे दिपतात. दिसणे आणि दिपणे यांत अंतर एका अक्षराचे. पण रात्रीच्या रस्त्यावर त्या अंतराच्या दोन टोकांना दोन माणसे बसलेली असतात. मोटारीचा पुढचा दिवा हा बहुधा एकमेव दिवा असावा, की ज्याची ज्योत त्याच्या मालकाला कधी दिसत नाही. आपली पणती आपल्याला दिसते, आपला कंदीलही दिसतो. या दिव्याचा त्रास मात्र सगळा दुसऱ्याच्या वाट्याला जातो.

माझ्या जुन्या मोटारीचे दिवे बदलायचे झाले तेव्हा हा विचार अंगावर आला. तिला एच-४ जातीचा बल्ब लागतो : दूरच्या झोतासाठी ६० वॅट आणि खालच्या झोतासाठी ५५ वॅट. बीडच्या दुकानदाराने त्याच मापाचा १००/९० वॅटचा बल्ब पुढे केला, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र एलईडीची जोडी मांडली. “साहेब, दिवसासारखं दिसेल,” तो म्हणाला. मोह पडावा असेच ते वाक्य होते.

मोहाला कारणही लहान नाही. दसरा उलटला की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाटोदा, केज, धारूर, वडवणी, सगळीकडून बिऱ्हाडे ट्रॅक्टरांत नि बैलगाड्यांत भरून पश्चिमेकडच्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. कित्येकांची दिवाळी वाटेवर किंवा फडातल्या कोपीवर होते. अंधारात चाललेल्या अशा गाडीला मागे दिवा नसतो. कधी एखादी लाल पट्टी असते, कधी तीही नसते. बालाघाटाच्या वळणावर ती एकाएकी समोर आली, तर माझा झगझगीत दिवा त्या गाडीवानाचा जीव वाचवील. मग भारी बल्ब हा परोपकारच की!

पण रस्त्यावर मी एकटा नाही. माझ्या दिव्याने डोळे दिपलेला समोरचा चालकही असाच एखाद्या गाडीच्या मागे येत असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते; दिपलेली नजर ताळ्यावर यायला तीन सेकंद लागले, तर तो ५० मीटर आंधळेपणाने काटतो. वय झालेल्या डोळ्यांना त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे माझ्या बाजूचा गाडीवान मी पाहिला, आणि त्याच्या बाजूचा त्याला दिसू दिला नाही. हा परोपकार नव्हे. एकाचा धोका काढून दुसऱ्याच्या माथी मारणे आहे, आणि तोही न विचारता.

शिवाय मिळते किती? अंतर वाढते तसा प्रकाश त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. दुप्पट लांबचे तितकेच स्पष्ट दिसायला चौपट प्रकाश हवा. ६० चे १०० वॅट केले, तर फार झाले तर सव्वापटीहून थोडे अधिक लांबचे दिसेल. त्यासाठी तारा तापायच्या, रिफ्लेक्टर होरपळायचा. एच-४ मध्ये खालच्या झोताच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. वर जाऊन दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश ती अडवते. त्या जागी बसवलेल्या एलईडीचा प्रकाश नेमक्या त्याच बिंदूतून निघेल याची खात्री नसते. तसे झाले नाही की झोत फुटतो नि वर पसरतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की, आठ मीटरांपलीकडे उभ्या असलेल्या, जमिनीपासून दीड मीटरवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही असा झोत खाली वळवलेला असावा. कायद्याच्या रुक्ष भाषेत एका अनोळखी माणसाच्या डोळ्यांची उंची मोजून ठेवावी, हे मला फार सुसंस्कृतपणाचे वाटते. चौपदरी रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर लावतात तीही नुसती शोभेसाठी नव्हे. ती समोरचा झोत अडवते. आतल्या दुपदरी रस्त्यांवर मात्र कण्हेर नाही. तेथे कण्हेरीचे काम माणसाच्या अंगठ्याने, डिपर देऊन, करावे लागते.

कोणी म्हणेल, समोरचे सगळेच भारी दिवे लावतात, मग मीच का सोसावे? हा युक्तिवाद खोटा नाही, आणि म्हणूनच त्याला शेवट नाही. प्रत्येकाने दुसऱ्याच्या उजेडावर आपला उजेड चढवला, तर लखलखाटात सगळेच आंधळे होतील, आणि बिनदिव्याची बैलगाडी तेवढी सर्वांच्या मध्ये अदृश्य राहील. तिच्याकडे तर या चढाओढीत उतरायला बल्बच नाही.

मी ६०/५५ वॅटचीच नवी जोडी घेतली, पिवळी पडलेली काच घासून घेतली आणि झोताची उंची भिंतीसमोर तपासून घेतली. उरलेला प्रश्न बल्बाचा नव्हे, वेगाचा होता. जेवढे दिसते तेवढ्यातच थांबता येईल इतक्या वेगाने जाणे, एवढा एकच उपाय असा आहे की त्याची किंमत मी स्वतः भरतो. घाटातून घरी पोहोचायला थोडा उशीर होतो. तो उशीर माझा असतो. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांतून काढून घेतलेला नसतो.