विसंगतीचा आरोप

जळगांव खानदेशांत आहे असें एकानें म्हटलें व जळगांव वऱ्हाडांत आहे असें दुसऱ्यानें, तर दोघेही खरेंच बोलतात. कारण गांवें दोन आहेत, व दुसऱ्याच्या नांवास शेजारच्या ‘जामोद’ची जोड त्यासाठींच मिळाली. हें जळगांव अकोला जिल्ह्यांत होतें आणि बुलढाणा जिल्ह्यांत आहे, हीं विधानेंही दोन्ही खरीं. मध्यें १९०५ सालची जिल्ह्यांची फेररचना आहे. एकाच वस्तूविषयीं, एकाच वेळीं, एकाच अर्थानें होय व नाहीं म्हटल्यावांचून वदतोव्याघात होत नाहीं.

परंतु व्यवहारांत विसंगत हा शब्द आपण इतक्या काटेकोर अर्थानें योजीत नाहीं. इंग्रज मनुष्य आज चोख व उद्यां ढिसाळ चेंडू टाकणाऱ्या गोलंदाजास ‘इन्कन्सिस्टंट’ म्हणतो, आणि बोलणें एक व करणें एक अशा पुढाऱ्यासही तेंच म्हणतो. येथें दोष विधानांतला नसून अपेक्षाभंगाचा आहे.

न्यायमूर्ति रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. तथापि १८७३ सालीं प्रथम पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. ‘विधवांचे विवाह व्हावेत’ हें मत आणि हें कृत्य यांत तर्कशास्त्रास कांहींच विरोध दिसणार नाहीं. तरीही लोकांचा आक्षेप पोकळ म्हणतां येत नाहीं. लोकांपुढें मांडलेलें मत हें नुसतें विधान नव्हे. त्यांत इतरांनीं कष्ट सोसावे अशी मागणी असते, आणि ती मागणी करणाराही तिनें बांधला जातो. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विधवेशीं विवाह करून बहिष्कार सोसला, त्यानें त्या मताची सत्यता वाढली नाहीं. वाढला तो ऐकणाराचा विश्वास.

म्हणूनच दुसरी चूकही टाळली पाहिजे. रानड्यांचें कृत्य विसंगत ठरलें, एवढ्यानें विधवाविवाह अनिष्ट ठरत नाहीं. आरोप मनुष्यावर आहे, मतावर नव्हे. ज्यानें उच्च मत कधीं बाळगलेंच नाहीं, त्याच्यावर हा आरोप येणार तरी कोठून? अशी सुसंगति फार स्वस्त आहे.

मत व आचरण जुळत नसतील तर दोहोंपैकीं कोणतेंही एक सोडावें, तर्कशास्त्राचें समाधान होईल. नीतीचें मात्र होत नाहीं. कोणतें सोडावयाचें, हा तिचा खरा प्रश्न आहे. आणि विसंगतीचा आरोप करणारानें आपणांस यांपैकीं काय सुटलेलें पाहिजे आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे.