परवा

जुने, मोडीत निघालेले इंग्रजी शब्द गोळा करण्याचा मला नाद आहे. (आमच्या घरात याला 'रिकामटेकडेपणा' असा खास मराठी शब्द आहे.) परवाच 'ओव्हरमॉरो' सापडला. अर्थ, उद्याच्या नंतरचा दिवस. १५३५ सालच्या कव्हरडेलच्या बायबलात तो आहे. पुढे इंग्रजांनी तो हरवला. कालच्या आदल्या दिवसाचा 'एअरयेस्टरडे'ही गेला. आता बिचारे दोन्हींसाठी चार-चार शब्द जुळवतात.

आपलं बघा! एकच 'परवा', मागेही चालतो, पुढेही.

मग वाटलं, शब्द हरवला हे त्यांच्या पथ्यावरच पडलं की काय? चार शब्दांचा वायदा करताना माणूस निदान तेवढा वेळ तरी विचार करील. आम्ही तीन अक्षरांत सुटतो. आजारी मामींना मी म्हणालो होतो, "परवा नक्की येतो हं." दर आठवड्याला म्हणत होतो. शेवटी गेलो तेव्हा दारात माणसं जमली होती. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "परवा तुझी फार वाट बघितली रे तिने."

दोष शब्दाला देऊन पाहिला, पटला नाही. इंग्रजांनी हरवलेला शब्द कोशात तरी सापडतो. मी दिलेला कुठे शोधू?