ब्लेड माझं, हात मावशीचा

गेल्या पावसाळ्यात मावशीचं बोट कापलं. चांगलं पेरभर, हाड दिसेपर्यंत. ब्लेड माझं होतं.

दाढी झाली. ब्लेड चहाच्या चोथ्यात, भाजीच्या देठांत टाकलं, पिशवीला गाठ मारली आणि वस्तीमागच्या उकिरड्यावर भिरकावली. सकाळची गाडी गाठायची घाई. मावशी त्याच उकिरड्यावर प्लास्टिक वेचते. पिशवी मी काम करतो त्या डाळमिलची, वर छाप असलेली. अशी पिशवी आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नाही. मावशीला अक्षर वाचता येत नाही, पण छाप ओळखते. ती मला काही बोलली नाही. मला आईकडून कळलं, चार दिवसांनी, तेही भाकरी वाढता वाढता.

दोस्तहो, मी दीपनगरला राहतो. वीज केंद्राच्या वसाहतीच्या भिंतीबाहेर. रोज भुसावळहून रेल्वेनं जळगावला जातो, तूर भरडतो, परत येतो. शाळा सातवीत सुटली. जे काही वाचलं ते विहारातल्या कपाटातलं. तेव्हा तत्त्वज्ञान सांगायचा माझा अधिकार नाही. पण ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहितो.

त्या रविवारी विहारातल्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, आपल्या वस्तीत घराघरात कचरा वेगळा ठेवायचा. ओला एका बादलीत, सुका दुसरीत, काच-ब्लेड-सुई डबीत. एक पोरगा ताडकन उठला. कॉलेजात आहे, चांगलं बोलतो. म्हणाला, "बाबासाहेबांनी घाण कामं सोडायला सांगितली. तू तीच परत आमच्या हातात देतो का?" टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. खरं सांगतो, त्या वेळी माझ्याकडं उत्तर नव्हतं.

प्रश्न खोटा नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेलं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा असं आपल्या माणसांना बजावलं. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. गावकीची राबणूक सुटावी म्हणून ती लढाई होती. पुढं १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधींना सुनावलं, की सफाईच्या कामाला थोर म्हणून त्याच माणसाला त्याच कामात ठेवणं ही त्याची क्रूर थट्टा आहे. हे सगळं त्या पोराला पाठ आहे. मलाही आहे.

पण मी रात्रपाळीला विचार करत बसलो. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती कुणाची घाण? गावाची. दुसऱ्याची. आणि दुसऱ्याच्या दारातली घाण आम्ही नाही उचलणार असं म्हणणाऱ्यानं स्वतःच्या दारातली कुणापुढं टाकायची? हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. आपण उचलणं सोडलं, फार चांगलं केलं. टाकणं मात्र गावाकडून शिकलो.

गावाची रीत काय होती? घाण करायची आपण, तिचा विटाळ दुसऱ्याला. आपली घाण आपल्याला दिसू नये, तिला हात लागू नये, ही ज्याची सोय तो वरचा. मी पिशवीला गाठ मारली तेव्हा मी तीच सोय वापरली. गाठ मारली की माझ्यापुरता कचरा संपला. मावशीपुरता तिथून सुरू झाला. तिला गाठ सोडावी लागते, चोथ्यात हात घालावा लागतो, चाचपून ओळखावं लागतं. मी दोन मिनिटांत मिसळलेलं वेगळं करायला तिला अख्खी दुपार लागते. चोथ्यानं माखलेलं प्लास्टिक भंगारवाला पाडून घेतो, तो तोटाही तिचाच.

आणि मी कुठं काम करतो बघा. डाळमिल म्हणजे दुसरं काय? वेगळं करणं. तूर आली की आधी माती, काडी, खडा काढायचा. मग रोल्यावर घासायची, तेलपाणी द्यायचं, वाळवायची, भरडायची, चाळायची. डाळ एकीकडं, चुनी एकीकडं, टरफल एकीकडं. चुनी-टरफल ढोरांना जातं. शेवटी सॉर्टेक्स मशीन. त्यात कॅमेरा असतो. काळा दाणा दिसला की हवेचा फटका मारून बाहेर. गिऱ्हाइकाच्या वरणात एक काळा दाणा नको म्हणून एवढं महाग मशीन. माझ्या पिशवीतलं ब्लेड शोधायला मावशीचं बोट.

भिंतीपलीकडं वीज केंद्रात तरी काय चालतं? कोळसा जळला की राख होते. उडणारी राख धुराबरोबर जाते, ती चिमणीच्या आधी विजेच्या पत्र्यांवर ओढून धरतात. कोरडी राख बंद टँकरमधून सिमेंटला जाते, विटांना जाते. तळाची राख पाण्याबरोबर पाइपातून वेल्हाळ्याच्या राखेच्या तलावाकडं. ओली वेगळी, कोरडी वेगळी. राख वापरात आणा असा सरकारी हुकूम १९९९ पासून आहे. तिथला इंजिनिअर राख वेगळी करतो म्हणून कुणी त्याच्या हातचं पाणी नाकारलेलं नाही. मशीननं वेगळं केलं की तंत्रज्ञान. बाईनं हातानं केलं की जात विचारतात.

कायदा काही झोपलेला नव्हता. २०१६ च्या नियमांनीच सांगितलं होतं, की ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, डायपर-पॅड गुंडाळून द्या. २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ४३४ शहरांत आपल्या भुसावळचा नंबर ४३३ वा आला. तेव्हा चहाच्या टपरीवर आम्ही सगळे नगरपालिकेला हसलो. आपल्या घरच्या बादलीत कुणी डोकावलं नाही. मी तर नाहीच.

पुण्याच्या बायकांनी हे आपल्याआधी ओळखलं. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. वेचणाऱ्या बहुतेक दलित बाया. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेते. त्यांनी लोकांपुढं एक साधी मागणी ठेवली. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. एक ठिपका! त्यासाठीसुद्धा मोहीम काढावी लागली.

कुणी म्हणेल, आम्ही वेगळं करतो आणि गाडीवाला सगळं एकातच ओततो. हे होतं, मी बघितलंय. कुणी म्हणेल, गुटख्याची पुडी, शाम्पूचं पाऊच बनवणारी कंपनी मोकळी आणि आम्ही बादल्या मोजायच्या? हेही खरं. ती पाऊचं मावशी उचलतसुद्धा नाही, भंगारवाला घेत नाही. कंपनीशी भांडायला मी मोर्चात पहिला येईन. पण माझ्या ब्लेडसाठी कोणत्या कंपनीवर मोर्चा नेऊ?

आता जे बोलायला जड जातं ते. मावशी आपली आहे, म्हणून मला लागलं. उकिरड्याच्या पलीकडच्या अंगाला मेहतर समाजाच्या दोन बाया वेचतात. त्यांचं बोट कापलं असतं तर माझ्या ताटापर्यंत बातमी आली असती का? श्रमांची वाटणी आणि श्रमिकांची वाटणी यांतला फरक बाबासाहेबांनी १९३६ सालीच उलगडून दाखवला. उतरंडीत प्रत्येकाला खाली कुणीतरी सापडतं, हेही त्यांनीच सांगितलं. आपण एक पायरी वर चढलो आणि आपली पिशवी खालच्या पायरीवर ठेवली. निळा झेंडा घराच्या वर, पिशवी मागच्या दारानं.

घरात तरी कोण वेगळं करणार? मी बैठकीत बादल्या सांगितल्या तेव्हा आई मागं बसून हसत होती. तिला ठाऊक होतं, भाषण माझं आणि बादल्या तिच्या. म्हणून मी आता स्वतः करतो. पहिल्या दिवशी ओकारी आली. काल मीच खाल्लेलं वांगं होतं ते! आपल्या उष्ट्याची आपल्याला एवढी किळस येते, तर विटाळ नावाची गोष्ट आपल्यात कितपत खोल गेली आहे, हे त्या दिवशी मला कळलं. त्या कॉलेजच्या पोराला मी हे सांगितलं. तो पटलं म्हणाला नाही. विचार करतो म्हणाला. त्याच्या घरी अजून एकच बादली आहे.

मावशीची माफी मागायला गेलो. तिनं माफीचं काही काढलं नाही. म्हणाली, "भाऊ, दूध पिशवी धुऊन देत जाय. वास मारते."

आता ओला कचरा आई परसात खड्ड्यात टाकते. सुकं मावशी दर रविवारी दारातून नेते. ब्लेडसाठी गोळ्यांची रिकामी पत्र्याची डबी ठेवलीय. परवा तिनं ती उचलून कानापाशी खुळखुळवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लय दाढ्या करतं रे तू."