मोटारीचे कुलूप आणि कुंभाराचे गाढव

मोटारीचे सेंट्रल लॉक चालेनासे होणे हे कार्य एक, त्याची कारणे मात्र डझनभर. फ्यूज उडतो, रिले चिकटतो, दाराच्या सांध्यातली वायर तुटते, लॉकच्या मोटरीचे कार्बन झिजतात, सळीची क्लिप निसटते. मालकाला दिसते ते इतकेच, की बटण दाबले आणि लॉक हलले नाही. एकच कार्य अनेक कारणांपासून होत असेल, तर कार्य पाहून कारणाचे अनुमान करायचे कसे?

भारतीय तर्कशास्त्रात हा वाद ‘तृणारणिमणि’ या दृष्टान्ताने चालला. अग्नी गवतापासून होतो, अरणी घुसळून होतो आणि सूर्यकांत मण्यावर ऊन पडूनही होतो. यांपैकी कोणतेही एक नसले तरी दुसऱ्यापासून अग्नी होतोच. मग अग्नीचे कारण कोणाला म्हणावे? मीमांसकांनी तिन्हींत अग्नी उत्पन्न करणारी एक अदृश्य शक्ती मानली. नैयायिकांना हा जादा पदार्थ नको होता. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त येणारे उत्तर असे, की हे तीन अग्नी एका जातीचे नाहीतच. कार्य बारकाईने पाहिले तर कारणागणिक वेगळे असते. अग्नीच्या बाबतीत हे उत्तर थोडे ओढूनताणून आणल्यासारखे वाटते, कारण ज्वाळेकडे पाहून ती गवताची की अरणीची हे कोणी सांगू शकत नाही. गॅरेजमध्ये मात्र ते चपखल बसते.

‘लॉक चालत नाही’ हे मालकाचे वाक्य मेकॅनिक तसेच्या तसे घेत नाही. तो त्याच्या जाती पाडतो. चारही दारे मुकी असतील, तर दोष सगळ्यांना सामाईक अशा जागी असणार: फ्यूज, अर्थ, कंट्रोल युनिट किंवा चालकाच्या दारातला स्विच. एकच दार अडले असेल, तर त्या दाराची वायर, कपलर, मोटर किंवा सळी. रिमोटने होत नाही पण आतल्या बटणाने होते, तर आधी रिमोटचा सेल. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि खुंटी जागची हलत नाही, तर आतले प्लास्टिकचे दाते झिजले आहेत किंवा सळी सुटली आहे. दारावर थाप मारल्यावर काम होते, तर कार्बनवर संशय. मागचे दार बाहेरून उघडते आणि आतून उघडत नाही, तर बहुधा बिघाडच नसतो. दाराच्या कडेला असलेला चाइल्ड लॉकचा खटका कोणीतरी सरकवलेला असतो.

यानंतर तपासणी, आणि येथे प्रत्यक्षही फसवते. दारातल्या वायरीवर मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, म्हणून वायर शाबूत, असे अनुमान सर्रास केले जाते. पण वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. मोटरीला प्रवाह लागतो आणि तो त्या एका तारेतून पुरत नाही. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, असताना आणि नसतानाही जो हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, सापडतो त्याला न्यायशास्त्र सव्यभिचार म्हणते आणि हेत्वाभासांत टाकते. जुने वायरमन मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडतात. तो मंद पेटला की वायरीचे खरे रूप कळते. यात मीटरचा दोष काहीच नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

मुंबईत आणखी एक अनुमान प्रचलित आहे: पाऊस आला की लॉक बिघडते. हिंदमाता, परळ, लालबाग भागात पावसाळाभर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या पाहता ते सहज पटते. नैयायिक येथे उपाधी, म्हणजे अनुमानाआड लपलेली अट, शोधील. जेथे अग्नी तेथे धूर, ही व्याप्ती खोटी ठरते, कारण धुराला ओले सरपण लागते. ओले सरपण ही उपाधी. दाराचेही तसेच: काचेच्या फटीतून आत पाणी एरवीही उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. आतल्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद आधीच्या कोणा मेकॅनिकने फाडून तसाच सोडला असेल किंवा भोके चिखलाने बुजली असतील, तरच ते पाणी कपलरपर्यंत आणि मोटरीपर्यंत जाते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यात जेमतेम ७४. त्या दिवशी काही माणसे बंद मोटारींतच दगावली आणि दोष सरसकट सेंट्रल लॉकला दिला गेला. बहुतेक गाड्यांत आतली खुंटी सळीने थेट कुलपाला जोडलेली असते आणि वीज गेली तरी हाताने चालते. पण बाहेरचे पाणी दार दाबून धरते, विजेवरच्या काचा खाली येत नाहीत आणि अंधारात खुंटी हाताला लागत नाही. कार्य एकट्या कारणाने घडत नाही, सामग्रीने, म्हणजे सगळी कारणे एकत्र जुळून, घडते, हे नैयायिकांचे म्हणणे येथे लॉकला निर्दोष ठरवत नाही, पण एकट्यालाच दोषीही ठरवत नाही.

सर्वांत खर्चिक चूक वेगळीच आहे. वायरमन दाराचे पॅड काढतो, जुनी मोटर उतरवतो, ऑपेरा हाउसच्या बाजारातून नवी आणून बसवतो आणि लॉक चालू लागते. मोटरच बिघडली होती, असा निष्कर्ष निघतो. न्यायग्रंथांत घटाच्या कारणांची चर्चा करताना कुंभाराचे गाढव येते. त्याने माती वाहून आणली, ते घटाआधी हजर होते, तरी ते घटाचे कारण नव्हे. त्याच्यावाचूनही माती येऊ शकते. अशा गोष्टीला अन्यथासिद्ध म्हणतात. नवी मोटर पुष्कळदा असे गाढव असते. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून वायरी जातात. दार हजारो वेळा उघडून-मिटून आतले तांबे तुटते, वरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. मोटर बदलताना वायरी ओढल्या जातात, तुटलेली टोके एकमेकांना टेकतात आणि श्रेय मोटरीला मिळते. पडताळा सोपा आहे, फक्त कोणी करत नाही: जुनी मोटर पुन्हा जोडून पाहावी. तीही चालली, तर मोटर कारण नव्हती. मग रबरी नळी सोडवून दार हळूहळू उघडत-मिटत बल्ब कधी विझतो ते पाहायचे.

वायर सापडल्यावर दुरुस्ती कोणत्या जातीची, हा प्रश्न उरतो. ‘तर्कसंग्रह’ या न्यायग्रंथात अभाव चार सांगितले आहेत. त्यांतल्या प्रध्वंसाभावाला, म्हणजे नाशानंतरच्या अभावाला, आरंभ असतो, अंत नसतो. काही नैयायिक पाचवा, सामयिकाभाव, मानतात: जमिनीवरचा घट उचलला की तिथे त्याचा अभाव होतो, परत ठेवला की तो अभाव संपतो. टोके नुसती टेकवून नळी बसवली, तर बिघाडाचा अभाव या पाचव्या प्रकारचा असतो. थकलेला तुकडा कापून त्याजागी लवचीक वायर डाखली, सांधा नळीबाहेर न वळणाऱ्या जागी घेतला, प्लास्टिकचा कागद पुन्हा चिकटवला आणि तळाची भोके मोकळी केली, तर त्या तुकड्यातल्या बिघाडाचा प्रध्वंस होतो. नव्या तुकड्यातल्या बिघाडाचा मात्र प्रागभाव, म्हणजे तो होण्याआधीचा अभाव, तेव्हाही असतोच.