वर्णनातला रंग

माणसाचे वर्णन त्याच्या त्वचेच्या रंगावरून करणे योग्य आहे काय, हा प्रश्न आज सभ्यतेच्या चौकटीत विचारला जात असला, तरी त्याची मुळे माणसांच्या वर्गवारीच्या इतिहासात आहेत. रंगाचा नुसता उल्लेख फार प्राचीन आहे. मराठी संतांनी विठ्ठलाला सावळा म्हटले, महाभारतात द्रौपदीला तिच्या वर्णावरून कृष्णा हे नाव पडले, आणि त्यामुळे विठ्ठलाचे देवपण वा द्रौपदीचे लावण्य उणे झाले नाही. यावरून आपली परंपरा या बाबतीत निर्दोष होती असे मात्र समजू नये, कारण सावळ्या देवाची आरती करणाऱ्या घरांनीही सून शोधताना गोरीच शोधली आहे. तरीही रंग हे एका व्यक्तीचे विशेषण असणे आणि तो मानवसमूहाची शास्त्रीय खूण ठरणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते पद्धतशीरपणे ओलांडले गेले ते अठराव्या शतकातील युरोपात.

स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७३५ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथात वनस्पती व प्राण्यांबरोबर माणसाचीही वर्गवारी केली आणि युरोप, अमेरिका, आशिया व आफ्रिका या चार खंडांतील माणसांना गोरा, तांबूस, सावळा आणि काळा असे चार रंग वाटून दिले. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी या रंगांना स्वभावही जोडले : युरोपीय माणूस कायद्याने चालतो, अमेरिकेचा मूळ रहिवासी रूढीने, आशियाई मतांनी आणि आफ्रिकी लहरीने. त्याच आवृत्तीत आशियाई माणसाचा रंग सावळ्याचा फिकट पिवळट झाला. मधल्या तेवीस वर्षांत आशियातील कोणाचीही कातडी बदललेली नव्हती. बदलली होती ती ग्रंथकाराची धारणा. पुढे जर्मन शरीरशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी पाच प्रकार मानले, मात्र ते एकमेकांत नकळत मिसळत जातात हेही बजावले. दुर्दैवाने जगाने प्रकार लक्षात ठेवले आणि इशारा सोडून दिला.

भारतात ब्रिटिश राजवटीत गोरे आर्य आणि काळे द्रविड या कल्पनेला मोजमापाचा आधार देण्याचा खटाटोप प्रशासकीय अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नासिका निर्देशांकाच्या, म्हणजे नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेल्या शेकडा प्रमाणाच्या, साहाय्याने केला आणि जातीची प्रतिष्ठा नाकाच्या रुंदीच्या उलट चालते असा निष्कर्ष काढला. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये ही आकडेवारी तपासून तो निष्कर्ष सर्वत्र टिकत नाही असे दाखविले, तर डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अशाच मोजमापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात असे सिद्ध करून ते शस्त्र उलटविले.

रंगाची वर्गवारी कायद्यात शिरली म्हणजे काय होते, हे दक्षिण आफ्रिकेने दाखवून दिले. तेथील १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला दिसण्यावरून आणि लोकमान्यतेवरून एका वर्णगटात घातले. केसांत पेन्सिल अडकते की खाली पडते यावरून गट ठरविण्याचेही प्रकार घडले आणि एकाच घरातील भावंडे वेगवेगळ्या गटांत गेली. हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत याच काळात उलट दिशेने एक घटना घडली : १९६० च्या दशकात आफ्रिकी वंशाच्या नागरिकांनी, गोऱ्यांनी हिणविण्यासाठी वापरलेला काळेपणाच अभिमानाने स्वीकारला. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तेथील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले, ते या अर्थाने. रंग तोच राहिला, पण त्याचा उच्चार कोण करतो हे बदलले.

आधुनिक जीवशास्त्राने वर्गवारीचा पायाच काढून घेतला आहे. त्वचेचा रंग मुख्यतः मेलानिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो आणि सूर्याच्या अतिनील किरणांच्या तीव्रतेनुसार तो विषुववृत्तापासून ध्रुवांकडे क्रमाने उजळत जातो. स्वभाव वा बुद्धी यांच्याशी त्याचा संबंध नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्येच दाखविले होते, की मानवाच्या जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतो.

म्हणून रंगाचा उल्लेखच टाळावा, असा सोपा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. बोटाला लावून प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील ऑक्सिजन मोजणारे पल्स ऑक्सिमीटर हे यंत्र गडद त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजन प्रत्यक्षाहून अधिक दाखविते आणि त्यामुळे धोका लपतो, हे अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. तेथे रंगाकडे न पाहणे हाच अन्याय ठरला. बेपत्ता व्यक्तीच्या पोलीस सूचनेत उंची आणि बांध्याबरोबर ‘रंग निमगोरा’ किंवा ‘गहूवर्णी’ लिहिलेले असते तेही गैर नाही, कारण तेथील रंग माणूस सापडताच आपले काम संपवितो. विवाहाच्या जाहिरातीतला ‘गोरी’ हा शब्द मात्र माणूस दिसण्यापूर्वीच त्याची किंमत ठरवितो, आणि २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला म्हणून ती किंमत खाली आलेली नाही. रुग्णाच्या नोंदीत आणि शोधपत्रकात रंग राहू द्यावा. स्थळाच्या माहितीतून तो काढून टाकावा, आणि ही सुरुवात मराठी घरांनी आपल्याच मुलामुलींच्या परिचयपत्रांपासून करावी.