झोळीचे माप

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा आली. घरोघरी आणि मठामठांत गुरुचरित्राची पारायणे बसली आहेत. पौर्णिमेला सायंकाळी पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल आणि मग महाप्रसादाच्या पंगती उठतील. जन्माच्या कथेवर आपण दरवर्षी बोलतो, ऐकतो. या वर्षी मी पंगतीवर बोलणार आहे. पंगत हीसुद्धा पूजाच आहे, आणि पूजेत नैवेद्य सांडला तर आपण हळहळतो. पंगतीत सांडला तर मात्र झाडू मागवतो. हे असे का व्हावे, याचा थोडा विचार करू.

आपल्या दैवताच्या जन्माची कथा भिक्षेपासून सुरू होते. अत्रींच्या आश्रमात तीन देव अतिथी होऊन आले आणि अनसूयामातेकडे त्यांनी अन्न मागितले. अट कठीण घातली. मातेने सत्त्व राखले आणि त्या तिघांची बाळे करून त्यांची भूकही भागवली. पुढे त्या घरी जो दत्त अवतरला, त्याच्या खांद्याला झोळी आली. दत्तप्रभू रोज कोल्हापुरी भिक्षा मागतात अशी आपली श्रद्धा. श्रीनृसिंह सरस्वती गाणगापुरी आजही माध्यान्ही भिक्षेला येतात अशी आपली श्रद्धा. म्हणून तर तिथे गेलेला लक्षाधीशसुद्धा पाच घरी माधुकरी मागतो, आणि दुपारी आपल्या दारी उभा राहील तो महाराजच असेल या भावनेने कुणाला परत पाठवत नाही.

आता बघा, ज्याचा देव रोज घासभर अन्नासाठी दारात उभा राहतो, त्या भक्ताच्या पंगतीतून पोत्याने अन्न उकिरड्यावर जात असेल, तर त्या देवाला काय वाटेल?

झोळीला एक माप असते. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाने अवधूताला विचारले, की तू इतका आनंदात कसा? अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत एक मधमाशी आहे. ती फुलाफुलांतून थोडे थोडे घेते, फुलाला धक्का लावत नाही. माधुकरी हा शब्द तिच्यावरूनच आला. पण तिच्याकडूनच अवधूत दुसरी गोष्टही शिकला. साठवून ठेवलेला मध तिला मिळत नाही, तो दुसराच घेऊन जातो. म्हणून अवधूत म्हणतो, पोटापुरते घ्यावे, उद्यासाठी ढीग लावू नये. त्याच चोवीसांत मासाही आहे. तो जिभेपायी गळाला लागतो. पोटाला किती हवे आणि जिभेला किती हवे, यातले अंतर ज्याला कळले त्याला झोळीचे माप कळले.

आपल्या सोलापुरातल्या एका उत्सवात निरूपण आटोपून मी मांडवामागे हात धुवायला गेलो होतो. पंगत नुकतीच उठली होती. दोन बायका पत्रावळी गोळा करत होत्या. त्यांतली वयस्कर बाई एकेक पत्रावळ उचलून माझ्याकडे न बघताच बोलत होती, "हे बघा ओ महाराज, शिऱ्याला तर हात बी लावला न्हाई. एवढ्याशा पोराच्या पानात चार पुऱ्या. त्ये खानार हाय का? वाढनाऱ्यानं बघायचं का न्हाई?" तासभर मी जे सांगितले होते, ते तिने चार वाक्यांत सांगितले.

तिच्या बोलण्यात एक मर्म आहे. तिने खाणाऱ्या पोराला दोष दिला नाही, वाढणाऱ्याला दिला. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा प्राण. पानावर आडवा हात धरला तरी बाजूने जिलेबी सरकवायची, नको म्हटले की दोन जास्त वाढायच्या. प्रेम त्यात असते, नाही असे नाही. पण त्या आग्रहात थोडा मोठेपणाही मिसळलेला असतो. पानात उरले म्हणजे यजमानाचे घर भरलेले, अशी एक समजूत कुठून तरी शिरली आहे. ती दत्त संप्रदायाची नव्हे.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्या. उरलेले अन्न वेगळे आणि उष्टे अन्न वेगळे. पातेल्यात आहे तोवर ते अन्न कुणाच्याही पोटात जाऊ शकते. पळीतून पानात पडले आणि पानावरचा माणूस उठला, की ते उष्टे झाले. आता ते कुणाला द्यायचे? गरिबाला? मंगळवेढ्याच्या चोखोबांनी आपल्या अभंगांत या उष्ट्याचा उल्लेख केला आहे. ज्यांना गावाने उष्ट्यावर जगायला लावले, त्यांचे दुःख त्या शब्दांमागे आहे. संतांच्या घरचे उष्टे म्हणून ते प्रसाद झाले, ही चोखोबांची थोरवी. पण म्हणून आपण आज कुणाला उष्टे द्यावे असा त्याचा अर्थ होत नाही. द्यायचे तर पातेल्यातले, झाकून ठेवलेले, आपण खाऊ असे द्यायचे. म्हणजे सगळा प्रश्न पळीपाशी येऊन थांबतो.

कुणी म्हणेल, महाराज, गुरुचरित्राच्या अडतिसाव्या अध्यायात तर अन्न अक्षय झाले, मग हात आखडता का घ्यावा? तो अध्याय पुन्हा वाचा. भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण, तिघांपुरती शिधासामग्री घेऊन गाणगापुरी आला. रोज कुणी ना कुणी समाराधना करी, त्यामुळे त्याची पाळी येईना. ते गाठोडे तो उशाशी घेऊन निजे. लोक हसले, पण त्याने दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. शेवटी गुरूंच्या आज्ञेने त्याने स्वयंपाक केला, अन्नावर गुरूंचे वस्त्र झाकले आणि तिघांच्या अन्नात चार हजार माणसे जेवली. गावातला कुणी उपाशी राहिला नाही. सगळे झाल्यावरही जे होते ते पाण्यातल्या जीवांना घालायला सांगितले. अन्न वाढले ते भास्कराच्या हाती, ज्याने ते उशाशी जपले होते. आणि त्यातले काहीही वाया गेले नाही. अक्षय होणे आणि अति होणे, या दोन गोष्टी वेगळ्या.

दुसरी शंका चित्राहुतीची. पानाशेजारी चार शिते ठेवायचीच, मग पानात काही राहिले तर काय बिघडले? अहो, चित्राहुती जेवणाआधी घालतात, आणि ती चार शितांचीच असते. गोग्रासही आधी काढतात. दत्तप्रभूंच्या मागे गाय आहे, पायाशी श्वान आहेत, म्हणून त्यांचा वाटा पहिला. आपले पोट भरल्यावर उरलेला तिखट-तेलकट काला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर टाकणे म्हणजे गोग्रास नव्हे. गाय ती पिशवीही गिळते, आणि पोटात साठलेल्या प्लॅस्टिकने गायी मरतात. ज्या गायीला आपण दत्तमूर्तीत हात जोडतो, तिला निदान एवढे तरी चुकवू या.

आपल्या जिल्ह्याला हे मी वेगळे सांगावे असे नाही. ही ज्वारीची भूमी. आज, दत्तजयंतीच्या दिवसांत, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी उभी आहे. परतीच्या पावसाची ओल आणि थंडीतले दव, एवढ्यावर ती दाणा भरते. ती काढायची, मोडायची, मळायची, वारा बघून उफणायची, तेव्हा रास होते. त्याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. ज्याने जीव धोक्यात घालून धान्य भुकेल्याच्या तोंडी घातले, त्याच्यासाठी विठोबा महार होऊन बिदरच्या दरबारात गेला, अशी कथा आपण सांगतो. आणि 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या अजून आपल्या घरांत आहेत. सुकडी खाऊन, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी करून त्यांनी पोरे जगवली. त्यांच्यासमोर भाकरीचा तुकडा टाकून बघा. त्या उचलून कपाळाला लावतील. आपल्याकडे भाकरी शिळी झाली की टाकत नाहीत, तिचा कुस्करा होतो, नाहीतर कडक करून शेंगाचटणीशी खातात. हे शहाणपण आपल्या घरात आहेच.

आता थोडे आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये अहवाल काढला. त्यानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत येणाऱ्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातले 60 टक्के हॉटेलांत किंवा दुकानांत नव्हे, घरांत वाया गेले. भारतात घरगुती नासाडीचा अंदाज माणशी वर्षाला सुमारे 55 किलो आहे. चौघांच्या घरात हे 220 किलो झाले. म्हणजे ज्वारीची दोन पोती आणि वर थोडी. दोन पोती ज्वारी घरातून चोरीला गेली तर आपण पोलिसांत जाऊ. इथे ती घासाघासाने जाते म्हणून कळत नाही. शिवाय एक किलो तांदूळ पिकवायला हजारो लिटर पाणी लागते. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघणाऱ्या सोलापूरकराला पाण्याची किंमत मी काय सांगू? उजनीतून सुटलेली भीमा पंढरपूर करून पुढे गाणगापूरच्या संगमावर जाते. टाकलेल्या भातात तिचेच पाणी असते.

मग करायचे काय? उत्सव लहान करा असे मी म्हणत नाही. अन्नदान हा या संप्रदायाचा कणा आहे. अक्कलकोटला अन्नछत्रात रोज हजारो भक्त जेवून जातात, तो स्वामींचा प्रसाद आहे. मोजून करायला मात्र हरकत नाही. पारायणाला बसलेल्यांची, निमंत्रितांची नोंद आधी घ्या. सगळा भात एकदम चढवू नका. पंगती बघून पुढचे पातेले चढवा. पहिली वाढ लहान पळीने, दुसरी विचारून, तिसरी मागितल्यावर. मुलांच्या पानात आधी अर्धी पोळी. वाढायला जाणत्या माणसांना उभे करा. ज्याला समोरच्याची भूक ओळखता येते, त्याच्या हाती पळी द्या. पातेल्यात उरेल ते झाकून, गरम असतानाच, त्याच दिवशी पोचवायची व्यवस्था आधी ठरवून ठेवा. दवाखान्याबाहेर बसलेले नातेवाईक, स्थानकावर मुक्कामाला असलेले मजूर, ही आपलीच पंगत आहे. शिळे किंवा आंबलेले मात्र कुणाला देऊ नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शिल्लक अन्न गोळा करून वाटण्याचे नियम 2019 मध्येच केले आहेत. मंडळांनी ते जाणून घ्यावेत.

आणि जेवणाऱ्याने? पहिला घास घेण्याआधी पानाकडे एकदा बघावे. जास्त असेल तर हात लावण्याआधीच परत द्यावे. "मला एवढे पुरे" हे म्हणायला लाजू नये. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची व्रते सांगितली आहेत. अन्नाला नावे ठेवू नयेत, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावे, असा त्यांचा आशय आहे. यातले मधले व्रत तरी या जयंतीला घेऊ. त्याला संकल्प सोडायला पळीभर पाणी लागते, दुसरे काही नाही.

पारायणाची सांगता करून नैवेद्य दाखवाल तेव्हा महाराज झोळी पुढे करतील. त्यांना फार नको असते, भिक्षेपुरते पुरते. पण पंगत उठल्यावर त्यांनी मांडवामागे येऊन पाहिले, तर तिथल्या पत्रावळी रिकाम्या दिसोत, एवढीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!